रीसेट : धरणं आणि सोडणं

रमजानचे शेवटचे दिवस होते. सहरीसाठी साडेतीनला उठले, तर बाहेरच्या खोलीत दिवा चालूच. जेवणाच्या टेबलावर हिरवं सर्किट बोर्ड, त्याला जोडलेला सात इंची पडदा, वायरींचा गुंता आणि त्यासमोर माझा मुलगा. रात्री मी झोपायला गेले तेव्हा जसा बसला होता, तसाच.

“झोपला नाहीस?”

“टच मरतोय, अम्मी.”

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. यंत्रांशी माझा संबंध मिक्सर बिघडला की दुकानात नेण्यापुरता. पण घरातलं लेकरू पहाटे साडेतीनला असं काही बोललं की आईला अर्थ विचारावाच लागतो. मी चहाचं आधण ठेवलं आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

पुण्यातल्या एका लहान कंपनीत त्याला लागून आठ महिने झाले होते. नोकरी अजून पक्की नव्हती. ही कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवते. शेतकरी किंवा त्याची बायको कॅन घेऊन येते, केंद्रावरचा माणूस पडद्यावर बोटाने खातेक्रमांक दाबतो, वजन, फॅट आणि एसएनएफची नोंद होते, पावती निघते. पंढरपूरकडच्या काही गावांत ही यंत्रं बसवली होती. पहाटे लाइट जाऊन आली की त्यातलं एखादं यंत्र चालू व्हायचं, पडदा उजळायचा, पण बोटाला दाद द्यायचं नाही. बंद करून पुन्हा चालू केलं की ठीक. तोवर बाहेर रांग लागलेली, दूध तापमानाला आलेलं, आणि वहीत हाताने लिहिलेल्या फॅटवरून नंतर भांडणं. “ईदहून येताना उत्तर घेऊन ये,” असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं.

रोज पहाटे सहरी ते फजर, असे पाच दिवस आम्ही त्या बोर्डासमोर बसलो. त्यात मला जे समजलं ते इथे लिहिते आहे. माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला समजलं, म्हणजे तुम्हालाही समजेल.

प्रत्येक चिपला अनेक पाय असतात आणि त्यातला एक बहुतेक वेळा रीसेटचा असतो. त्या पायाला जाणारी तार म्हणजे रीसेट लाइन. ती धरून ठेवली की चिप गप्प बसते. वीज चालू असते, पण काम बंद. तार सोडली की चिप पहिल्यापासून सुरुवात करते, आधीचं काही तिच्या लक्षात नसतं. ही तार कधी धरायची आणि कधी सोडायची, हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, त्या त्या चिपसाठी लिहिलेला ड्रायव्हर ठरवतो. त्याच्या यंत्रात लिनक्स होतं.

इंग्रजीत याला दोन शब्द आहेत, असर्ट आणि डीअसर्ट. तो ते सारखे उलटसुलट बोलत होता आणि माझा गोंधळ उडत होता. शेवटी मी म्हटलं, “धरणं आणि सोडणं म्हण. रीसेट धरला, रीसेट सोडला.” तो थांबला. मग हसला. “हे बरं आहे.” त्या पाच दिवसांतलं माझं सगळ्यात भरीव काम बहुधा तेवढंच.

पहिल्या पहाटे त्याने मला चिपचा नकाशा दाखवला. रीसेट या शब्दाच्या डोक्यावर एक आडवी रेघ होती. मला वाटलं छपाईची चूक. तर त्या रेघेचा अर्थ असा, की ही तार खाली ओढली, म्हणजे तिच्यावरची वीज शून्यावर आणली, की रीसेट धरला जातो. रेघ नसती तर उलट. काही नकाशांत रेघेऐवजी नावाच्या शेवटी एक छोटा एन लिहितात, काही ठिकाणी # खूण करतात. कॉम्प्युटरात कार्ड बसवतात त्या पीसीआय एक्स्प्रेसच्या रीसेट तारेचं नावच अशी # खूण घेऊन येतं.

मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर उर्दूत ‘दुआ’ लिहिलं आणि मधल्या ऐनवर एक नुक्ता ठेवला. ऐनचा गैन झाला आणि ‘दुआ’चा ‘दगा’. मराठीत ‘भाडे’वर एक अनुस्वार दिला की ‘भांडे’ होतं, तसंच. “तुमची रेघ म्हणजे आमचा नुक्ता,” मी म्हटलं.

त्याने तो शब्द दोनदा पाहिला. ऐन आणि गैन ओळखायला त्याला वेळ लागला. चौथीपर्यंत तो माझ्याच शाळेत होता, पाचवीला मी त्याला मराठी शाळेत घातलं. मी काही बोलले नाही. त्यानेही पान उलटलं.

मग त्याने सांगितलं, की या नुक्त्याने लोकांची वर्षं खाल्ली आहेत. लिनक्समध्ये बोर्डाची सगळी रचना डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फायलीत लिहिलेली असते. कोणती तार कुठे जाते आणि ती खाली ओढल्यावर लागू होते की वर, हे तिथे लिहायचं. ड्रायव्हरने विजेच्या पातळीचा विचारच करायचा नाही. त्याने १ लिहिलं की अर्थ ‘रीसेट धरला’, ० लिहिलं की ‘सोडला’. तार खरोखर वर गेली की खाली, ते कर्नेल त्या फायलीत पाहून ठरवतं. पण जुन्या काळी कित्येकांनी फायलीत उलटं लिहिलं आणि ड्रायव्हरमध्येही उलटं लिहिलं. दोन चुका मिळून यंत्र चालायचं. नंतर कुणी भला माणूस येतो, एकच चूक दुरुस्त करतो आणि चाललेलं यंत्र बंद पडतं.

“मग चूक कुणाची?” मी विचारलं.

“ज्याने दुसरी बाजू न बघता दुरुस्त केलं त्याची,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “आणि पहिल्याचीही.”

त्याच्या बोर्डावर ही भानगड नव्हती. रेघ जिथे हवी तिथे होती आणि फाइल बरोबर होती.

दुसऱ्या पहाटेचा विषय होता वेळ. मला वाटायचं, रीसेट म्हणजे बटण दाबलं आणि झालं. तसं नसतं. तार किती वेळ धरायची याचं किमान माप चिपच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. सोडल्यावरही लगेच चिपशी बोलायचं नसतं. तिला उठून बसायला, आपली आतली मापं नीट करायला वेळ लागतो. त्या पीसीआय एक्स्प्रेसमध्ये वीज स्थिर झाल्यावर निदान १०० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवतात, आणि सोडल्यावर पहिला प्रश्न विचारण्याआधी पुन्हा १०० मिलिसेकंद थांबतात. शिवाय प्रोसेसरने ‘सोड’ म्हणून लिहिलं म्हणजे ते त्याच क्षणी पोचलं असंही नसतं. ते मध्ये कुठे रांगेत अडकलेलं असू शकतं. म्हणून जाणता लिहिणारा तीच जागा एकदा वाचून घेतो. वाचन पूर्ण झालं म्हणजे आधीचं लिखाण पोचलं. मग घड्याळ लावायचं.

हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. पेंगत असलेल्या पोराला वर्गात उभं करून त्याच क्षणी प्रश्न विचारला की ते कधीच उत्तर देत नाही. त्याला येत नसतं म्हणून नव्हे. चोवीस वर्षांत हे मी कितीदा पाहिलं आहे, आणि घाईच्या दिवशी कितीदा विसरले आहे.

मुलगा आधीचे तीन दिवस या वेळेच्याच मागे होता. वीसचे तीस केले, तीसचे पन्नास केले. टच तरीही मरत होता. बोर्ड बंद करून चालू करायचं आणि वहीत खूण करायची, असं त्याने चाळीस वेळा केलं. तीन वेळा मेला. का मेला ते कळेना.

तिसऱ्या पहाटे त्याने मला एक विलक्षण गोष्ट दाखवली. अनेक स्वस्त पडद्यांवर गुडिक्स घराण्यातल्या टच चिपा असतात. त्यांच्यासाठी लिनक्समध्ये एक ड्रायव्हर आहे, तो त्याने उघडला. त्याच्या यंत्रातली चिपही त्याच घराण्यातली. एका जोडतारेवर अनेक चिपा बसतात, म्हणून प्रत्येकीला पत्ता लागतो. या चिपेचे दोन पत्ते असू शकतात, सोळाच्या पायावर मोजले तर १४ किंवा ५डी. दोन्हींपैकी कोणता, ते ठरतं रीसेट सुटताना. चिपेची आणखी एक तार असते, बोट लागलं की ‘इकडे बघा’ असं प्रोसेसरला सांगणारी. रीसेट सुटण्याच्या क्षणी प्रोसेसरने ती तार वर धरली असेल तर पत्ता १४, खाली धरली असेल तर ५डी.

ड्रायव्हरमधला क्रम असा : रीसेट धरा, २० मिलिसेकंद थांबा. ती दुसरी तार हव्या त्या बाजूला धरा, निदान १०० मायक्रोसेकंद जाऊ द्या. रीसेट सोडा, ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबा. मग ती दुसरी तार खाली घेऊन ५० मिलिसेकंद ठेवा आणि शेवटी तिच्यावरचा आपला हात काढून घ्या. आता ती तार चिपेची.

“म्हणजे जन्माच्या वेळी कानात जे सांगितलं ते नाव,” मी म्हटलं.

“हौ. आणि ते सांगायला त्या वेळी कुणी नसलं तर?”

त्याने हा प्रश्न सहज विचारला होता. पुढे तोच कामाला आला.

चौथ्या दिवशी मी पराठे लाटत होते आणि तो बोर्ड बंद-चालू करत होता. लाटता लाटता माझं लक्ष पडद्याकडे जात होतं. चालू होताना पडदा एकदा उजळायचा, क्षणभर काळा व्हायचा आणि पुन्हा उजळायचा. मला वाटलं तसंच असतं. मग एकदा तो तसा लुकलुकला नाही. सरळ उजळला आणि तसाच राहिला.

“आता छान लागला,” मी म्हटलं.

त्याने बोट लावलं. टच मेला होता.

नंतरच्या वेळी पुन्हा लुकलुकला, टच जिवंत. आम्ही दोघांनी पराठे आणि बोर्ड दोन्ही बाजूला ठेवले. मी विचारलं, “टचची जी तार तू धरतोस, तिच्यावर अजून कोण आहे का?”

हा प्रश्न मला कसा सुचला ते सांगते. आमच्या शाळेची इमारत दोन शाळांची आहे. सकाळी मराठी शाळा भरते, दुपारी आमची. मधला तासभर दोन्हींची माणसं आत असतात. वीज-पाण्याचा मुख्य खटका पॅसेजमध्ये, दोघांचा एकच. काही वर्षांपूर्वी सकाळचे शिपाईमामा जाताना खटका पाडून जायचे. त्यांच्या दृष्टीने शाळा सुटलेली असायची. आणि इकडे आमच्या संगणक खोलीत नुकतीच सुरू झालेली यंत्रं धाडकन बंद. तक्रारी झाल्या, बैठका झाल्या. शेवटी आमच्या शिपाईबाईंनी खटक्याशेजारी एक खिळा ठोकला. जो आत येईल त्याने आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, जाताना काढून न्यायचा. खिळा रिकामा दिसला तरच खटका पाडायचा. त्या दिवसापासून भांडण मिटलं.

मुलाला माहीत होतं की तार सामायिक आहे. खर्च वाचवायला बोर्ड काढणाऱ्याने पडदा आणि टच दोघांचा रीसेट एकाच तारेवर घेतला होता. एरवी कर्नेल अशी तार एकाच ड्रायव्हरला देतं, दुसऱ्याला ‘गुंतलेली आहे’ म्हणून परत पाठवतं. त्याच्या आधीच्या माणसाने दोन्ही ड्रायव्हरांत एक सवलतीची खूण टाकून दोघांनाही ती मिळवून दिली होती. पण सवलत फक्त मिळण्याची होती. कोण कधी धरतो, कोण कधी सोडतो, याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. खिळा नव्हता.

त्याने नोंदी काढल्या आणि क्रम लिहिला. यंत्र सुरू होताना कर्नेल ड्रायव्हरांना एकेक करून उठवतं. एखाद्याला हवी ती वस्तू तयार नसली, जसं की पडद्यामागच्या दिव्याचा वीजपुरवठा, तर तो ‘मला नंतर बोलवा’ म्हणतो आणि रांगेत मागे जातो. त्यामुळे क्रम रोज तोच राहील याची खात्री नसते. बहुतेक वेळा पडदा आधी यायचा, टच नंतर. टचचा ड्रायव्हर आपल्या रीतीने रीसेट धरायचा आणि सोडायचा. त्या झटक्यात पडदाही क्षणभर झोपायचा. मला दिसलेलं लुकलुकणं ते हेच. पडद्याला फार काही सांगावं लागत नव्हतं, तो आपोआप पुन्हा उभा राहायचा, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

पण कधी तरी पडदा मागे राहायचा. टच आधी यायचा, आपलं नाव घेऊन नीट बसायचा. मग पडद्याचा ड्रायव्हर यायचा आणि आपल्यासाठी म्हणून तीच तार धरायचा, सोडायचा. टचची चिप पुन्हा जन्माला यायची. या वेळी तिच्या कानात नाव सांगायला कुणी नसायचं. दुसऱ्या तारेवरचा हात ड्रायव्हरने केव्हाच काढलेला. चिप भलत्याच पत्त्यावर उठायची आणि ड्रायव्हर जुन्या पत्त्यावर हाका मारत राहायचा. चिप बिघडलेली नव्हती. ड्रायव्हरही आपल्यापुरता बरोबर होता. पंढरपूरकडची ती बाई कॅन घेऊन उभी होती, कारण दोन बरोबर माणसांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं.

मग त्याने मला लिनक्सचा खिळा दाखवला. रीसेटच्या तारा सांभाळणारी एक वेगळी व्यवस्था कर्नेलमध्ये २०१३ सालापासून आहे. २०१६ मध्ये तिच्यात सामायिक तारेची सोय आली. ड्रायव्हरने तार मागतानाच सांगायचं, मला ही एकट्याला हवी की वाटून चालेल. एकट्याची घेतली तर हुकूम लगेच बजावला जातो. वाटून घेतली तर कर्नेल मोजणी ठेवतं. पहिला ‘सोड’ म्हणाला की तार खरोखर सुटते आणि आकडा एकवर जातो. दुसरा म्हणाला की आकडा दोन. एकाने ‘धर’ म्हटलं की आकडा उतरतो, पण तार हलत नाही. शेवटचा माणूस ‘धर’ म्हणेल, आकडा शून्यावर येईल, तेव्हाच ती धरली जाते. ज्याने आधी ‘सोड’ म्हटलेलं नाही, त्याला ‘धर’ म्हणायचा हक्कच नाही. म्हटलं तर कर्नेल मोठ्याने इशारा देतं आणि हुकूम परत करतं. बिल्ला न लावता बिल्ला काढायला गेल्यासारखं.

साध्या जीपीआयओच्या तारेला मात्र हा हिशेब लागू नव्हता. लॅपटॉपमधले दोन स्पीकर एकाच तारेवर असतात, अशा अडचणींतून २०२४ मध्ये तिच्यासाठीही सोय झाली. आता दोन ड्रायव्हरांनी तीच तार रीसेट म्हणून वाटून मागितली की कर्नेल मध्ये एक राखणदार बसवतं. कंपनीने कर्नेल नुकतंच नवं केलं होतं. ड्रायव्हर तेवढे जुन्या वळणाचे राहिले होते.

“झालं मग,” मी म्हटलं.

“नक्को, एवढ्यात खूश होऊ नको.”

वाटून घेतलं की काही सोडावंही लागतं. आता ‘धर’ हा हुकूम राहिला नव्हता, विनंती झाली होती. टचच्या ड्रायव्हरला आपल्या मर्जीने धरून, नाव सांगून, सोडता येणार नव्हतं. पडदा आधी आला तर तार आधीच सुटलेली असणार. पडद्यालाही झोपताना रीसेट ओढता येणार नव्हता. हे नुसत्या मोजणीने सुटणारं नव्हतं. त्याने दुसरा उपाय केला. प्रोसेसरच्या पायाला आतूनच वर किंवा खाली हलकी ओढ लावायची सोय असते. टचच्या त्या दुसऱ्या तारेला अगदी सुरुवातीला, कर्नेल उठण्याआधी बूटलोडरमध्येच, खालच्या बाजूची ओढ लावून ठेवली. आता रीसेट कुणीही, कधीही सोडो, चिपेला तेच नाव ऐकू येणार. वीज आल्यावर रीसेट मुळात धरलेलाच असतो, पहिला येणारा सोडतो, दुसरा फक्त आपला बिल्ला लावतो आणि आपल्या पुस्तिकेइतका वेळ थांबून मग बोलतो. पडद्याला झोपवायचं तर मागचा दिवा मालवायचा, रीसेटला हात लावायचा नाही.

अजून एक काम राहिलं होतं. ड्रायव्हर सुरू होताना मध्येच काही बिनसलं, समजा चिपने उत्तरच दिलं नाही, तर तो अर्ध्यातून परततो. परतताना त्याने आपला बिल्ला काढून न्यायला हवा. नाही तर खिळा कधीच रिकामा होणार नाही आणि ती तार यंत्र बंद होईपर्यंत पुन्हा धरता येणार नाही. घेतलं त्याच्या उलट क्रमाने परत करायचं. आधी वीज, मग घड्याळाचे ठोके, मग रीसेट सोडणं, आणि जाताना आधी रीसेट धरणं, मग ठोके बंद, मग वीज. त्या ओळी लिहिताना तो सगळ्यात जास्त वेळ बसला. “चालताना कुणीही नीट लिहितो,” तो म्हणाला. “पडताना काय होतं ते बघावं लागतं.”

त्या दिवशी दुपारी शाळेला सुट्टी होती. मी बाहेरच्या खोलीत आडवी झाले आणि डोळ्यांसमोर आला तो पाचवीचा जून.

त्या वर्षी माझ्या वर्गातून दहावी झालेली हुशार पोरं पुढे अकरावीला जाऊन कशी गळतात, हे मी सलग तिसऱ्यांदा पाहिलं होतं. एका संध्याकाळी मी ठरवलं, माझा मुलगा मराठी शाळेत जाईल. त्याच्या अब्बांना सांगितलं, ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दाखला काढला. निर्णय घेतला याचा मला अभिमान होता. लोक नुसते बोलतात, मी करून दाखवलं असं वाटत होतं.

तेव्हा माझ्या सासूबाईंची नजर अधू झाली होती. मुलगा रोज शाळेतून आला की त्यांच्या पलंगावर बसून उर्दू पेपर मोठ्याने वाचायचा. अडखळायचा, त्या दुरुस्त करायच्या. कधी कधी त्या चुकीचं दुरुस्त करायच्या आणि हा वाद घालायचा. नव्या शाळेची वेळ वेगळी, अभ्यास वेगळा, शिकवणी लागली. पहिल्या महिन्यात वाचन दिवसाआड झालं, दुसऱ्यात रविवारी, दिवाळीपर्यंत बंद. मला ते बंद झालेलं कळलंही नाही. सासूबाई कधी काही म्हणाल्या नाहीत. फक्त पेपर बंद करा असं त्यांनी कधी सांगितलं नाही. पेपरवाला टाकत राहिला, घडी न मोडलेला पेपर त्यांच्या उशाशी पडून राहिला, आणि मी महिन्याच्या महिन्याला त्याचं बिल देत राहिले. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. चाळिसाव्यानंतर मी पेपर बंद केला.

तो निर्णय चुकला असं मी आजही म्हणत नाही. मराठी शाळेने त्याला पुष्कळ दिलं. मी म्हणते आहे ते एवढंच, की तार धरण्याआधी ती कुणाकुणाकडे जाते हे मी पाहिलं नव्हतं. मला समोर एकच चिप दिसत होती.

शेवटच्या पहाटे मी त्याला हे सांगितलं. तो स्क्रू पिळत होता, मान वर केली नाही.

“दादीचा बिल्ला होता तिथे,” तो म्हणाला. “मला माहीत होतं. मीच काढून आणला.”

“तू दहा वर्षांचा होतास.”

“पण माहीत होतं.”

मग आम्ही दोघांनी पाणी प्यायलं, कारण वेळ संपत आली होती.

ईदनंतर तो पुण्याला गेला. तिथे बोर्डाला रिलेवरून वीज दिली, रात्रभर आपोआप बंद-चालू करत ठेवलं आणि प्रत्येक वेळी टच जिवंत आहे का याची नोंद घेतली. चारशे वेळांत एकदाही मेला नाही, आणि पडदा एकदाही लुकलुकला नाही. पुढच्या बोर्डावर दोन वेगळ्या तारा काढा असा अर्ज त्याने दिला आहे. खर्च वाढतो म्हणून तो अजून टेबलावर आहे. गावातल्या यंत्रांत नवा ड्रायव्हर गेला.

मी शाळेत एक बदल केला. वर्गात एक पोर बोललं की सगळा वर्ग उभा करायची माझी जुनी सवय होती. आता खडू खाली ठेवते आणि आधी बघते, कोण काय करत होतं. पंचेचाळीस जणांतले चाळीस त्या वेळी नीट लिहीत असतात. रोज जमतं असं नाही.

मागच्या रविवारी त्याचा फोन आला. कामाचं काही नव्हतं. म्हणाला, दादीचे ते पेपर रद्दीत गेले का? मी म्हटलं, माळ्यावर आहेत, मला देववले नाहीत. तो म्हणाला, ठेव. येतो तेव्हा एक काढून ठेव, आणि शेजारी बस. ऐन आणि गैन माझे अजून एक होतात.